वेंडोव्हरच्या मिठावर, बाबांसोबत

बाबा अमेरिकेत आले की पहिले पंधरा दिवस बरे जातात. मग ते घरातल्या बिजागऱ्या तपासायला लागतात. बेचाळीस वर्षं कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर उभा राहिलेला माणूस. फ्रेमॉन्टच्या अपार्टमेंटमध्ये त्यांच्या हाताला काही कामच नसतं. मागच्या खेपेला त्यांनी चालू डिशवॉशर उघडून ठेवला होता, 'आवाज बरोबर नव्हता' म्हणून. त्यामुळे या ऑगस्टमध्ये ग्रँड कॅन्यन वगैरे भानगडीत न पडता मी त्यांना गाडीत घातलं आणि युटाला नेलं, बॉनव्हिलच्या स्पीड वीकला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: नेवाडा आणि युटाच्या सीमेवर वेंडोव्हर नावाचं गाव आहे. त्याच्या शेजारी साधारण तीस हजार एकर सपाट मीठ पसरलंय, तेच बॉनव्हिल. जमिनीवरच्या वेगाचे विक्रम करायला लोक तिथे शंभरहून अधिक वर्षं येतायत. माल्कम कॅम्पबेलने १९३५च्या सप्टेंबरमध्ये इथेच ताशी ३०० मैलांची वेस ओलांडली. १९४९ पासून दर ऑगस्टला इथे आठवडाभराचा मेळा भरतो, तो स्पीड वीक. बाकी जगाला फक्त जेट इंजिनाच्या गाड्या पळवणाऱ्यांची नावं ठाऊक असतात. इथे येणारे बहुतेक जण घरामागच्या शेडमध्ये गाडी बनवणारे असतात. मला बाबांना तेच दाखवायचं होतं.

शुक्रवार: फ्रेमॉन्ट ते एल्को

सकाळी सहाला निघालो. डोनर पास, रीनो, आणि मग आय-८० वर तासन् तास नुसता नेवाडा. रीनोच्या पुढे वॉड्सवर्थला डावीकडे ४४७ नंबरचा रस्ता फुटतो. तो गर्लाकला जातो आणि तिथून पुढे ब्लॅक रॉकचं वाळवंट. मी बाबांना म्हटलं, त्या तिकडे १५ ऑक्टोबर १९९७ला अँडी ग्रीन नावाच्या ब्रिटिश वैमानिकाने 'थ्रस्ट एसएससी' ताशी ७६३ मैलांनी पळवली. म्हणजे १२२८ किलोमीटर. जमिनीवरून आवाजाचा वेग ओलांडणारी पहिली गाडी, आणि अजून तो विक्रम कुणी मोडलेला नाही.

"टायर कसलं घातलं होतं?"

"टायर नव्हतेच. भरीव ॲल्युमिनियमची चाकं. त्या वेगाला रबर फेकलं जाईल."

"आणि चाकांना ताकद कुठनं दिली?"

"चाकांना नाही दिली बाबा. दोन रोल्स-रॉइस जेट इंजिनं होती, लढाऊ विमानातली."

बाबा जरा वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. "मग ती गाडी कसली? पंख काढलेलं विमान ते."

हाच वाद या क्षेत्रात १९६३ पासून चाललाय हे त्यांना माहीत नव्हतं. क्रेग ब्रीडलव्हने त्या वर्षी बॉनव्हिललाच जेटच्या जोरावर ४०७ मैल गाठले, तेव्हाही जुनी मंडळी अशीच नाकं मुरडत होती. आता चाकांना इंजिन जोडलेल्या गाड्यांचा हिशोब वेगळा ठेवतात. २०२०मध्ये जॉर्ज पोटीटने 'स्पीड डेमन' घेऊन ४७० मैल केले ते त्या वेगळ्या हिशोबात. बाबांच्या मते तोच खरा हिशोब.

मुक्काम एल्कोला. इथे एक गोष्ट चुकवू नका: बास्क जेवण. स्पेनच्या डोंगराळ भागातले मेंढपाळ एके काळी नेवाडात येऊन स्थायिक झाले, त्यांच्या खानावळी एल्कोत अजून चालतात. लांब टेबलं. आधी सूपचं पातेलं येतं, मग कोशिंबीर, घेवडा, बटाटे, आणि हे सगळं संपवून तुम्ही गार झालात की मुख्य ताट. आम्ही मेंढीच्या चापा मागवल्या. कोल्हापूरच्या माणसाला मटण खायला घालणं म्हणजे परीक्षेलाच बसणं. बाबांनी दोन चापा संपवल्या, हाड स्वच्छ केलं आणि निकाल दिला, "मटण झकास हाय. शिजवणाऱ्याला मिरची भेटली न्हाई, त्याचा काय दोष."

शनिवार: मीठ

पहाटे पाचला एल्को सोडलं. पावणेसातला पोचू, पहिली गाडी सुटताना बघू, असा माझा हिशोब. वेंडोव्हरला पोचून फोन बघितला तर पावणेआठ. एल्को पॅसिफिक वेळेवर चालतं आणि वेस्ट वेंडोव्हर नेवाडात असूनही शेजारच्या युटाच्या घड्याळावर चालतं. तुम्ही पश्चिमेकडून येत असाल तर तास आधी निघा. बाबांच्या मनगटावरचं एचएमटी अर्थात तिसरीच वेळ दाखवत होतं, कोल्हापूरची.

आय-८० वरून चार नंबरच्या एक्झिटला उतरलं की काही मैल डांबरी रस्ता लागतो आणि मग तो सरळ संपतो. पुढे मीठ. आपण गाडी तशीच मिठावर घालायची. इथे माझा पाय आपोआप ब्रेकवर गेला, कारण डोळ्यांना ते पाणी वाटतं.

या जागेला मराठीत काय म्हणावं यावर आम्ही बराच वेळ घालवला. मिठागर म्हणावं तर ते माणसाने बांधलेलं असतं, वाफे असतात. इथे एक प्रचंड प्राचीन सरोवर आटलं आणि तळ उरला, एवढंच. हिवाळ्यात त्यावर वीतभर पाणी साचतं, वारा ते मागे-पुढे लोटून पृष्ठभाग घासून काढतो, उन्हाळ्यात पाणी उडून जातं आणि दरवर्षी नवी कोरी पाटी तयार. पाऊस वेळेवर थांबला नाही तर पाटी तयार होत नाही. २०१४, २०१५ आणि २०२२ ही तिन्ही वर्षं अशीच रद्द झाली. त्यामुळे परतावा न मिळणारं हॉटेल बुक करू नका. मिठाचा थरही पूर्वीपेक्षा पातळ झालाय. शेजारी पोटॅश काढतात त्यामुळे की आणखी कशामुळे, यावर शर्यतवाल्यांत तावातावाने बोलणी चालतात.

बाबांनी उतरल्या उतरल्या वाकून चिमूटभर उचललं आणि जिभेवर ठेवलं. "जरा कडवट हाय. पण चालंल." मिठाला हात लावला तर ते थंड आणि किंचित ओलं लागतं, बाहेर पस्तीस डिग्री असली तरी. टायर त्यामुळेच तापत नाहीत.

सुरुवातीच्या रेषेजवळ प्रेक्षकांना बऱ्यापैकी पुढे जाता येतं, हे मला सगळ्यात आवडलं. गाड्या रांगेत उभ्या असतात. ड्रायव्हर अग्निरोधक सूट घालून उन्हात शिजत असतो आणि कुणीतरी त्याच्या डोक्यावर छत्री धरून उभं असतं. पाळी आली की त्याला पट्ट्यांनी आवळतात, झाकण लावतात, आणि मागून एक पिकअप ट्रक येऊन गाडीला चक्क ढकलायला लागतो.

"आरं, धक्का मारत्यात की!" बाबा मोठ्याने हसले. "आपल्या यष्टीसारखं."

कारण सोपं आहे. शेवटच्या मैलात अडीचशे-तीनशेने पळायचं तर गिअर इतके लांब ठेवावे लागतात की पहिल्याच गिअरला गाडी जागची हलत नाही. म्हणून ट्रक तिला पळती करून देतो आणि बाजूला होतो. मग तो आवाज. तो जवळून जात नाही, तो लांब जातो. गाडी ठिपका होते, ठिपका थरथरतो, दिसेनासा होतो, आणि आवाज मात्र येतच राहतो. मग रेडिओवर प्रत्येक मैलाचा आकडा. (एफएम रेडिओ आणि दुर्बीण न्या. त्याशिवाय निम्मी गंमत जाते.)

पण खरी मजा पिटमध्ये, म्हणजे गाड्यांवर काम चालतं त्या जागी. तिथे कुणी अडवत नाही. आम्ही एका पिवळ्या गाडीपाशी थांबलो ते दुपारपर्यंत हललो नाही. माशासारखा गुळगुळीत देह, चारही चाकं बाहेर. अशा गाडीला लेकस्टर म्हणतात. हिचा देह म्हणजे महायुद्धातल्या विमानाच्या पोटाखाली लटकवायची इंधनाची टाकी. युद्ध संपल्यावर अशा टाक्या भंगारात पडून होत्या. बिल बर्क नावाच्या माणसाने १९४६मध्ये पहिल्यांदा त्यात इंजिन आणि माणूस बसवला, आणि लोक अजून बसवतायत.

मालक सत्तरीचे. बरोबर बायको, जावई आणि एक म्हातारा कुत्रा. त्यांना कळलं की बाबा टर्नर आहेत, तसं त्यांनी खुर्ची पुढे केली आणि मागचं आवरण काढून इंजिनच दाखवलं. फोर्डचं जुनं फ्लॅटहेड व्ही-८.

"साइड व्हॉल्व्ह!" बाबा इंग्रजीत ओरडले. जुन्या विलीज जीपचं इंजिन त्यांनी किती वेळा उघडलं असेल कोण जाणे. पुढचा तासभर मी दुभाष्याचं काम करायला बसलो होतो, पण त्याची गरज पडली नाही. बोअर, क्लिअरन्स, थाऊ. दोघांची भाषा एकच होती.

मी माझ्यासाठी एक प्रश्न विचारून घेतला: गाडीत शिशाच्या विटा कशाला? शर्यतीची गाडी हलकी असावी ना? ते म्हणाले, डांबरावर. मिठावर चाक घसरतं, म्हणून वजन मुद्दाम घालतात. आणि वेगाचं गणितही अवघड आहे. वेग दुप्पट केला तर हवेचा विरोध चौपट होतो आणि लागणारी ताकद आठपट. दोनशेने पळणारी गाडी दोनशे वीसला न्यायची तर तिसऱ्या हिश्श्याने जास्त ताकद हवी. म्हणून इथले लोक हॉर्सपॉवरपेक्षा बोल्टची डोकी बुडवणं, फटी टेपने बुजवणं यावर जास्त वेळ घालवतात. यांनी तर आरसेच लावले नव्हते. मागे बघण्यासारखं काही नसतं म्हणे.

हा सगळा खर्च आणि खटाटोप कशासाठी? इथे बक्षिसाची रक्कम नसते. इंजिनाचा आकार, गाडीचा घाट, इंधन यांनुसार शेकडो वर्ग आहेत आणि प्रत्येक वर्गाचा वेगळा विक्रम. नाव पुस्तकात लागतं. दोनशेच्या वर विक्रम केला तर एक लाल टोपी मिळते. ती घालून फिरणारे म्हातारे दिसतात तिथे, आणि लोक त्यांना वाट करून देतात.

मालकीणबाईंनी कलिंगड कापलं. युटातल्या ग्रीन रिव्हरचं, ऑगस्टमधलं, साखर. बाबांनी सवयीने खाली वाकून दोन बोटांत मीठ घेतलं आणि फोडीवर भुरभुरलं. जावई किंचाळला, "नो नो नो!" तेल, ऑइल, ब्रेकचा भुगा, सगळं त्या मिठात असतं. बाबांनी फोड खाऊन टाकली होती. "ऑइल असू दे. आयुष्यभर पोटात गेलंय," असं मला मराठीत सांगून त्यांच्याकडे बघून ते गोड हसले.

पावणेतीनला पिवळी गाडी पळाली. रेडिओवर आकडा आला आणि मालकीणबाई मटकन खाली बसल्या. वर्गातला विक्रम ताशी सव्वा मैलाने मागे पडला होता.

पण विक्रम अजून झाला नव्हता. इथली पद्धत अशी: एकदा विक्रमाच्या वर पळालात की गाडी इंपाउंडमध्ये जाते. तिथे फक्त चार तास तिच्यावर काम करायची मुभा. रात्री तिला कुणी हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा पळवायची आणि दोन्हींची सरासरी धरायची. त्यानंतर इंजिन मोजून खात्री करतात. बाबांना ही पद्धत फार पटली. "एकदा जमतं ते नशीब. दुसऱ्यांदा जमतं ते काम."

रात्री हॉटेलात कळलं की आम्ही दोघेही भाजलोय, आणि तेही खालून. मिठावरून ऊन उलटं येतं. हनुवटीखाली, नाकपुड्यांच्या कडांना, कानांच्या मागे आणि हाफ पँट घातली असेल तर मांडीला आतून क्रीम लावा. हसू नका, लावा. गडद गॉगल, बंद बूट, माणशी चार लिटर पाणी आणि स्वतःची सावली, म्हणजे छत्री. तिथे झाड नावाची वस्तू नाही.

रविवार: परतीची धाव

पहाटे साडेपाचला मिठावर. डोंगर जांभळे, मीठ निळसर, आणि थंडी वाजत होती. इंपाउंडमधून गाड्या एकामागे एक दिवे लावलेल्या ट्रकांमागून ओढत नेत होते. कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. मला पंढरपूरची काकडआरती आठवली, पण बाबांना सांगितलं नाही, हसले असते.

थांबलो होतो तेव्हा शेजारच्या एकाने ब्रीडलव्हची गोष्ट सांगितली. ऐकलेली होती, पण त्या जागी उभं राहून ऐकणं वेगळं. १५ ऑक्टोबर १९६४. विक्रमी धाव संपली आणि गाडी थांबवायचे पॅराशूट तुटले. ब्रेक जळाले. गाडी मैलच्या मैल तशीच गेली, एक तारेचा खांब मोडला आणि खाऱ्या पाण्याच्या डबक्यात नाक खुपसून थांबली. हा पठ्ठ्या पोहून बाहेर आला आणि जमलेल्या लोकांना म्हणाला, आता पुढच्या खेळाला स्वतःला पेटवून घेतो! सरासरी निघाली ५२६ मैल.

मी बाबांना बर्ट मन्रोचीही गोष्ट सांगितली. न्यूझीलंडच्या इन्व्हरकार्गिलचा. १९२०ची इंडियन मोटरसायकल, पिस्टन स्वतः ओतलेले, कनेक्टिंग रॉड ट्रॅक्टरच्या ॲक्सलमधून घडवलेले. १९६७मध्ये अडुसष्टाव्या वर्षी त्याने इथे १८४ मैलांचा विक्रम केला. बाबांनी एकच विचारलं, "ॲक्सल कुठल्या ट्रॅक्टरचा?" कॅटरपिलर म्हटल्यावर मान डोलावली. "चांगलं पोलाद असतंय त्याचं."

सात वाजून गेल्यावर पिवळी गाडी सुटली. आवाज छान होता. दुसऱ्या मैलाचा आकडा कालच्यापेक्षा वर होता, तिसऱ्यात आणखी वर. मग आवाज अचानक चढला, किंचाळल्यासारखा, आणि बंद पडला.

आम्ही पिटमध्ये जाऊन थांबलो. अर्ध्या तासाने गाडी ओढून आणली. मालक ठीक होते. टोपी काढून कुत्र्याला पाणी पाजत बसले. जावयाने मागून हात घालून एक तुकडा बाहेर काढला: गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलच्या मधला आखूड शाफ्ट, बरोबर खांद्याशी तुटलेला. जिथे जाड भाग संपून बारीक भाग सुरू होतो, तिथे.

बाबांनी तो हातात घेतला. चष्मा कपाळावर सरकवला आणि तुटलेल्या तोंडावरून अंगठ्याचं नख फिरवलं. अर्ध्या गोलात शिंपल्यासारख्या बारीक रेघा होत्या आणि उरलेला भाग खडबडीत, चमकदार. म्हणजे चीर आधीपासून वाढत आली होती, आज फक्त शेवट झाला. मग त्यांनी नख खांद्याच्या कोपऱ्यात घातलं आणि ते तिथे अडकलं. कोपरा धारदार होता. तिथे टूलला गोलाई देऊन रेडियस सोडायला हवा होता, दीड मिलिमीटर तरी. आमच्याकडे शिकाऊ पोरगा ही चूक करतो आणि शिव्या खातो.

मला कानकोंडं झालं. सत्तर वर्षांच्या माणसाला, वर्षभराचं काम नुकतंच वाया गेलेलं असताना, हे आता भाषांतर करून सांगायचं? बाबांनी ती जबाबदारी माझ्यावर टाकलीच नाही. त्यांनी शाफ्ट मालकांपुढे धरला, कोपऱ्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "रेडियस."

मालकांनी बघितलंही नाही. म्हणाले, "आय नो." मग माझ्याकडे वळून सांगितलं ते असं: आधीचा शाफ्ट निघायच्या आदल्या दिवशी खराब निघाला. हा गुरुवारी रात्री दीड वाजता केला. गोल टूल घासायचं होतं, पण पहाटे चारला निघायचं होतं.

मी बाबांना मराठीत सांगितलं. ते त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसले. "सांग त्यांना," म्हणाले, "निघायच्या आदल्या रात्री सगळेच असं करत्यात. मी पण केलंय. नागपूरच्या गिऱ्हाइकाची ऑर्डर होती."

सांगितलं. मालक खो खो हसले, आणि मग बराच वेळ दोघं काही न बोलता समोर बघत बसले.

अकराच्या सुमारास वारा सुटला आणि शर्यत थांबवली. बाजूचा वारा ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त झाला की कुणाला सोडत नाहीत. अशा वेळी वेंडोव्हरचा जुना विमानतळ बघून घ्या, गावातच आहे. हिरोशिमावर बाँब टाकणाऱ्या 'एनोला गे' विमानाच्या तुकडीचं प्रशिक्षण इथे झालं. तो हँगर दुरुस्त करून ठेवलाय. आत कबुतरांचा आवाज आणि गारवा. बाबा फार थांबले नाहीत. नंतर एका मेक्सिकन टपरीवर टाको खाल्ले, त्यांच्या हिरव्या चटणीला बाबांनी दाद दिली आणि दुसरी वाटी मागितली. गावातून नेवाडा-युटाची सीमा जाते. अलीकडे कॅसिनोंचा झगमगाट, पलीकडे सामसूम.

निघताना पिवळ्या गाडीपाशी गेलो. मालकांनी तो शाफ्टचा तुकडा पुसून, कागदात गुंडाळून बाबांना दिला.

सोमवार: घरी

परतीच्या प्रवासात सांगण्यासारखं एकच. गाडी धुवा, आणि खालून धुवा. एकदा धुऊन भागत नाही. मीठ चाकांच्या आतल्या कमानींत सिमेंटसारखं बसतं. आम्ही वेंडोव्हरला धुतली, रीनोला धुतली, तरी फ्रेमॉन्टच्या पार्किंगमध्ये सकाळी चारही चाकांखाली पांढऱ्या रांगोळ्या होत्या. भाड्याच्या गाडीने जाणार असाल तर करार वाचून जा, बऱ्याच कंपन्या मिठावर न्यायला मनाई करतात.

शाफ्टवरून बाबांचं आणि माझं पुढचे तीन आठवडे भांडण चाललं. मी म्हणत होतो, दोन किलो लोखंड विमानातून न्यायचं कशाला, फोटो काढा. शेवटी दोन पुरणयंत्रं (भारतातूनच आलेली, परत चाललेली) बाहेर काढून त्यांनी बॅगेत जागा केली. मुंबईला कस्टमवाल्याने उघडून विचारलं, हे काय?

"तुटलेला हाय," बाबा म्हणाले. त्याने जाऊ दिलं.

काल फोन आला होता. शेजारच्या शेडमधल्या नव्या पोराला त्यांनी तो शाफ्ट हातात दिला आणि चूक शोध म्हणून सांगितलं. पोराने पाच मिनिटं उलटसुलट करून बघितला आणि विचारलं, "काका, हा किती वाजता केलाय?"